सायराकानचा पाचवा बिल्ला

सायराकानला चौथा बिल्ला मिळाला त्या दिवशी गावभर पॉप्लरच्या म्हाताऱ्या उडत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात कारा-बुलुनमध्ये दरवर्षी हेच होतं. छपरांवर, चहाच्या वाटीत, गाढवांच्या पापण्यांवर पांढरा कापूस येऊन बसतो आणि पंधरा दिवस सगळं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं चालतं. सायराकान वाचनालयाच्या पायरीवर बसली होती आणि मांडीवरच्या फोनकडे टक लावून बघत होती. काचेवर पिवळा गोल उमटला होता. गोलात मेंढ्याचं शिंग, शिंगाखाली तिचं नाव.

"हा मलाच आलाय ना गं? की सगळ्यांना वाटलाय?" तिनं विचारलं.

"तुम्हालाच, आपा. नाव वाचा की," बेगिमाय म्हणाली.

बेगिमाय वाचनालय सांभाळायची. तिशीची, बोलायला फटकळ, पण मनानं लोण्यासारखी. राजधानीतल्या एका हस्तकला केंद्राचा हा फोनवरचा अभ्यासक्रम गावात तिनंच आणला होता. एकेक धडा शिकायचा, केलेल्या कामाचे फोटो पाठवायचे, तिकडचे परीक्षक ते तपासणार, आणि पसंत पडलं तर फोनमध्ये बिल्ला. असे एकूण पाच. गावातल्या नऊ बायकांनी हौसेनं नावं घातली आणि दुसऱ्याच धड्यात आठजणी गळाल्या. कुणाची गाय व्याली, कुणाची सून बाळंत झाली. टिकली ती एकटी सायराकान, वय वर्षं एकोणसाठ.

आता गाव म्हणायचं, हिला धडे कशाला हवेत? आणि ते खोटं नव्हतं. लोकर थापून नमदा करायचा, तो रंगवायचा, कापायचा, शिवायचा आणि त्याचा शिरदाक, म्हणजे नक्षीचा गालिचा, अंथरायचा, या कामात सायराकानचा हात धरणारं सगळ्या खोऱ्यात कुणी नव्हतं. पण धडे घेताना तिला एक गंमत कळली होती. तीस वर्षं ती ज्या लाल रंगाला 'आमच्या पाण्याचा दोष' म्हणून बोल लावत होती, तो रंग उडायचा तिच्याच चुकीनं. रंगाची मुळं उकळताना ती तुरटी अंदाजानं टाकायची. दुसऱ्या धड्यानं तिला तुरटी मोजायला लावली. त्या लालभडक नमद्याला गाल लावून ती अंगणात चक्क हसत बसली होती, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की शिकणं ही किती गोड गोष्ट आहे, आणि आपल्याला ती किती उशिरा मिळाली.

तिची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. आई गेली, आणि चार धाकट्या भावंडांना घेऊन ती बापामागं वरच्या कुरणांत मेंढ्या राखायला गेली. फळा, खडू, बाकं खाली राहिली ती राहिलीच. ती त्याबद्दल कधी रडली नाही. आमच्याकडे रडायची रीत मयताला, बाकीच्याला फुरसत नसते. पण दुपारी लोकर पिंजता पिंजता डोळा लागला की तिला एकच वर्ग दिसायचा. खिडकीतून ऊन येतंय, उन्हात लोकरीचे तंतू तरंगताहेत, ती दारातून आत पाऊल टाकते आणि सगळ्या मुली बाकांवरून एकदम उभ्या राहतात. त्या कशासाठी उभ्या राहिल्या हे तिला स्वप्नात कधी कळत नसे. ती मागं वळून बघायची, आपल्या मागं कोण थोर माणूस आलंय म्हणून.

आणि आता ते स्वप्न हाताच्या अंतरावर आलं होतं. सप्टेंबरपासून तालुक्याच्या धंदेशिक्षण शाळेत नमद्याचा वर्ग सुरू होणार होता, आणि ज्याच्याकडे पाचही बिल्ले असतील त्यालाच तिथं शिक्षक म्हणून घेणार होते. पाचव्या बिल्ल्याचं नाव होतं 'उस्ता', म्हणजे उस्ताद. फोनमध्ये चार रंगीत गोलांच्या शेजारी त्याची रिकामी राखाडी कडी दिसायची. सायराकान ती कडी दिवसातून दहादा उघडून बघे. कधी कधी तिला वाटे, आपण तंबूत उताणे पडलोय आणि वर छताच्या मधल्या गोल कडीतून नुसतं आभाळ दिसतंय.

घरी आल्यावर तिनं पिवळा बिल्ला नवऱ्याला दाखवला. झुमाबेक जन्मभराचा मेंढपाळ. शंभर मेंढ्यांमागं सर्वांत जास्त कोकरं जगवली म्हणून जुन्या सरकारनं त्याला तीन बिल्ले दिले होते, खरेखुरे, धातूचे. लग्नाला जाताना तो ते कोटावर लावायचा आणि चालताना मुद्दाम वाजवायचा.

"याला पिन कुठाय?" त्यानं फोन उलटा करून पाहिला.

"पिन नसते याला."

"मग लावणार कुठं? कपाळाला? अगं म्हातारे, बॅटरी संपली की तुझी विद्या गुल."

"आणि तुमच्या बिल्ल्यांना गंज चढलाय, म्हातारबा. कोकरं म्हणतात, हा कोण खुळखुळत चाललाय."

झुमाबेक खो खो हसला. मग ती चहा ओतायला वळली तसा त्यानं फोन हळूच डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ बायकोचं नाव वाचत राहिला.

पाचव्या बिल्ल्यासाठी स्वतः केलेला एक शिरदाक पाठवायचा होता. नवा करायला पाच-सहा महिने लागतात, पण जुना चालत होता. सायराकाननं भिंतीवरचा काढला, सहा वर्षांपूर्वीचा, तिचा सर्वांत आवडता. तपकिरी जमिनीवर लाल शिंगं, एकमेकांत अशी गुंफलेली की बघणाऱ्याला कुठून सुरू झालं ते सापडू नये. बेगिमायनं अंगणात स्टुलावर चढून फोटो काढले आणि मग अर्ज भरायला घेतला.

"रचना कुणाची?"

"माझी."

"काप कुणाचा?"

"माझाच. दुसरा कुणाचा असणार?"

"हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं करू शकतील असे तुमचे विद्यार्थी किती?"

सायराकाननं बोटं मोजली. कितीजणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या! कुणी सून म्हणून आली, कुणी शेजारीण म्हणून, कुणी आईनं हाताला धरून आणून बसवलेली. "एकेचाळीस," ती म्हणाली, आणि तो आकडा ऐकून तिची तिलाच छाती भरून आली.

पाच दिवसांनी बेगिमाय धापा टाकत अंगणात आली. तिच्या चेहऱ्यावरूनच सायराकाननं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"आपा, केंद्राचं पत्र आलंय. म्हणतात, हीच रचना आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आली आहे. त्या बाईला याच कामावर उस्ताचा बिल्ला मिळालाय. काप नेमका कुणाचा ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर अर्ज नक्कल म्हणून बाद."

"नक्कल? मी?"

बेगिमायनं फोन पुढे केला. फोटोत लाल जमिनीवर तपकिरी शिंगं होती. सायराकाननं ती पाहताक्षणी ओळखली. ओळखणारच. शिरदाक कापताना दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवतात आणि खडूच्या रेघेवरून चाकू दोन्हींतून एकदम फिरवतात. लालमधून निघालेलं शिंग तपकिरीत बसतं, तपकिरीतलं लालमध्ये. एका कापातून दोन शिरदाक होतात, एकमेकांचे उलटे, जुळी भावंडंच म्हणा. चिंधी वाया जात नाही, आणि दोन्हींतला खरा कुठला हे आजवर कुणाच्या बापानं विचारलं नव्हतं. एक कापणारीनं ठेवायचा, दुसरा शिवणारीला द्यायचा, ही रीत. तो दुसरा तिनं स्वतःच्या हातानं तिच्याकडे शिकणाऱ्या कनिशायला दिला होता.

फोटोखाली कनिशायचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'रचना व काप: माझा'.

सायराकाननं फोन बाजूला सारला. तिनं पिंजायला घेतलेली लोकर पुन्हा पिंजायला घेतली. कनिशाय सतराव्या वर्षी तिच्याकडे आली होती, आईवेगळी, हडकुळी. पाच वर्षं तिच्या ताटातलं जेवली. टाका असा घालायची की नमदा उलटा केला तरी दोरा दिसू नये. मग नारिन शहरात गेली, तिथल्या कलादालनात नोकरी लागली, मुलगी झाली, आणि येणं कमी कमी होत गेलं. 'काप माझा.' सायराकानला राग नव्हता आला, तिला लागलं होतं. भरल्या घरात कुणीतरी आपल्याला परकं म्हणावं तसं लागलं होतं.

"कळवून टाकू?" बेगिमाय म्हणाली. "काप तुमचा, अख्खं खोरं साक्ष देईल. चोराच्या उलट्या बोंबा! तिचाच बिल्ला काढून घेतील, बरं होईल."

"शुक्रवारला अवकाश आहे," सायराकान म्हणाली.

बुधवारी दुपारी नारिनची मार्शरुत्का, ती छोटी बस, पुलावर थांबली आणि तीतून कनिशाय उतरली. पत्र तिलाही गेलं होतं. कापूस अजून उडतच होता, आणि त्या पांढऱ्या धुरळ्यातून ती सावकाश चालत आली, हातात नानची पिशवी, केसांवर कापूस. क्षणभर सायराकानला वाटलं, सतरा वर्षांची तीच पोर येतेय. ती उठून उभी राहिली, मग आपण रागावलो आहोत हे आठवून पुन्हा बसली.

आमच्याकडे भांडायचं झालं तरी आधी चहा होतो. दोघींनी चहा घेतला. नान तोडून झाला. झुमाबेकनं कोकरांची, हवेची, पुलाच्या दुरुस्तीची चौकशी केली, आणि मग शहाण्या माणसासारखा गोठ्याकडे निघून गेला.

"मी केंद्राला लिहून आलेय, आपा," कनिशाय वाटीकडे बघत म्हणाली. "काप तुमचा, मी खोटं लिहिलं. बिल्ला जाईल. नोकरी बहुतेक जाईल. तुम्ही फक्त होय म्हणून कळवा, की तुमचं काम झालं."

"खोटं लिहावंसं वाटलं कसं गं तुला? माझ्या घरचं खाऊन?"

"नोकरीला उस्ताचा बिल्ला लागत होता, रकाना रिकामा ठेवला असता तर ती गेली असती. पोर अंगावर होती."

"मग एखादा स्वतः कापायचास! पाच वर्षं काय माझ्याकडे माश्या मारल्यास?"

कनिशायनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज धारदार होता. "कापणार कशी? चाकू दिलात कधी?"

"मागितलास कधी?"

"अकरा वेळा! मी मोजलंय, आपा. पहिल्यांदा म्हणालात, हात कच्चा आहे. मग म्हणालात, नमदा वाया जाईल. मग म्हणालात, पुढच्या वर्षी. शेवटी म्हणालात, मी आहे ना कापायला, तुला काय घाई? तुम्ही खडू मारायचात आणि आम्हाला चहा ठेवायला पाठवायचात. येईपर्यंत सगळं कापून झालेलं. माझं एकटीचं नाही हे. सांगा, तुमच्याकडे शिकलेली कुठली बाई कापते?"



सायराकाननं मनातल्या मनात एकेक घर फिरून पाहिलं. वरच्या आळीतली थोरली सून, गिरणीवाल्याची बहीण, पार नदीपलीकडं दिलेली भाची. सगळ्या शिवत होत्या, सुरेख शिवत होत्या. आणि सगळ्या नमदे गुंडाळून, गाढवावर टाकून, तिच्याच दारी आणत होत्या, 'आपा, तेवढं कापून द्या' म्हणत. लांबच्या कोचकोर गावाहूनही बायका येत. ती पाहुण्यांना हे अभिमानानं सांगायची. बापामागं कुरणात गेलेल्या पोरीकडे दुसरं होतं तरी काय? फळा गेला, वर्ग गेला. एक गोष्ट अशी हाताला लागली होती, जिच्यासाठी लोकांनी तिच्या दारात येऊन उभं राहावं. ती दिली असती तर कोण आलं असतं?

हे तिच्या लक्षात आलं आणि तिला लाज वाटली. साधी, उघडी, अंगभर पसरणारी लाज. तिनं चहाची वाटी खाली ठेवली.

"चल, ऊठ," ती म्हणाली.

घरात कापायजोगी नमद्यांची एकच जोडी होती. गेल्या शरदातली लोकर, सात बायकांनी मिळून लाटलेली, मोजलेल्या तुरटीनं रंगवलेली. शाळेत लागली तर पहिल्या दिवशी मुलींसमोर कापायला म्हणून तिनं ती राखून ठेवली होती. तिनं ती जमिनीवर अंथरली, खाली काळा, वर लाल, कडा जुळवल्या. मग पेटीतून चाकू काढला, दगडावर दोनदा घासला, आणि मुठीकडून पुढे धरला.

"आपा, हा नको. आधी जुन्या तुकड्यावर..."

"जुन्या तुकड्यावर हात घाबरत नाही, म्हणून शिकतही नाही. धर. आणि म्हण, माझा हात नव्हे, उमाय-मातेचा हात."

"माझा हात नव्हे, उमाय-मातेचा हात," कनिशाय पुटपुटली. उमाय म्हणजे बायकांची रक्षणकर्ती देवी, आणि हे आमच्याकडे पहिल्यांदा हत्यार हाती घेताना म्हणतात. सायराकाननं एकेचाळीसजणींपैकी कुणाकडून ते म्हणवून घेतलं नव्हतं.

कनिशायनं खडूनं शिंग काढलं. बरं काढलं. मग गुडघे टेकून तिनं चाकू खुपसला, आणि जाड लोकर फाटण्याचा तो दबका आवाज खोलीत भरला. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. उन्हात लाल धूळ तरंगत होती. सायराकानला वाटलं, ही खोली आपण आधी पाहिलीय, आणि ती दाराशी उभी राहून बघत राहिली.

पहिल्या वळणावर चाकू घसरला. शिंगाचं टोक बोथट झालं, दोन्ही रंगांत एकदम. सायराकान जवळ येऊन बसली आणि तिचा हात आपोआप पुढे गेला. तो तिनं मागं घेतला. दुसऱ्या वळणावर पुन्हा गेला. मग ती स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली, लहान मुलाला बसवतात तशी. दारातून झुमाबेक डोकावला.

"म्हातारे, तुझे हात कुणी बांधले?"

"तुम्ही गोठ्यात जा!"

तिसरं वळण आलं, आणि कनिशायनं मान वर करून विचारलं, "आपा, इथून आत घेऊ की बाहेरून?" सायराकानच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एका बोटाच्या खुणेनं सांगता आलं असतं, आणि मग ते वळण तिचंच झालं असतं, याही पोरीचं नाही. तिच्यानं तिथं बसवेना. ती उठली, रुमाल बांधला.

"मी जरा वाचनालयात जाऊन येते."

"आत्ता? मला एकटीला टाकून?"

"हो. एकटीला टाकून."

बेगिमाय पुस्तकांवरचा कापूस झाडत होती. सायराकान धापा टाकत तिच्या समोर बसली. "माझा अर्ज उघड."

"अहो, कनिशायचं कबुलीपत्र केंद्राला पोचलंय. मघाशीच कळलं मला. तुम्ही फक्त होय म्हणायचं, आपा! सोमवारी बिल्ला. सप्टेंबरला शाळा!" बेगिमायचा चेहरा फुलला होता. "काप माझा, लिहू ना?"

"लिही. खरंच आहे ते. आणि खालचा आकडा बदल."

"कुठला?"

"एकट्यानं सगळं करू शकतील अशा किती, तो. एकेचाळीस खोड. शून्य लिही."

बेगिमाय तिच्याकडे बघतच राहिली. "शून्य? आपा, त्या रकान्यात निदान एक लागतो. शून्य घातलं तर बिल्ला नाही. शाळाही नाही. पुढची भरती कधी, तेही कुणाला ठाऊक नाही. एवढं सगळं हातात आलेलं..."

"कळतंय मला."

"मग निदान कनिशायचं नाव घालते. शिकतेय म्हणून."

"शिकतेय असं लिहायला जागा आहे?"

बेगिमायनं फोन वरखाली करून पाहिला. "नाही."

"मग शून्य लिही," सायराकान म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं रुमालाच्या टोकानं पुसलं आणि वर बेगिमायलाच दटावलं, "आणि लवकर लिही गं, बघत काय बसलीस? ती पोर घरी एकटीच कापतेय."

बेगिमायनं शून्य लिहिलं आणि पाठवून दिलं. सायराकान पायऱ्या उतरली. घर डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर होतं. ती क्षणभर थांबली, मग उजवीकडे वळली आणि नदीकाठच्या लांबच्या वाटेनं चालू लागली, म्हणजे कनिशायला सगळं कापून व्हायला वेळ मिळेल.